तत्सम सूर : स्वीडनमधील अमेरिकन लोकसंगीत आणि ‘शोधा’ची कल्पना

१

लोकसंगीताच्या अभ्यासात ‘शोध’ हा शब्द जितका मोहक, तितकाच संदिग्ध आहे. संग्राहक एखाद्या आडगावी जातो, तेथे त्याला एखादा वृद्ध वादक भेटतो, त्याचे वादन ध्वनिमुद्रित होते आणि पुढे त्या वादकाचा ‘शोध लागला’ असे लिहिले जाते. वस्तुतः तो वादक हरवलेला नसतो. त्याच्या गावाला तो ठाऊक असतो; हरवलेले असते ते संग्राहकाचे ज्ञान. व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत आयुष्य घालविलेल्या डॉक बॉग्ज यांच्या बँजोवादनाच्या तबकड्या १९२७ साली निघाल्या होत्या. १९६३ साली माइक सीगर यांना ते नॉर्टन येथे भेटले, तेव्हा वृत्त आले ते ‘शोधा’चे. त्याच वर्षी मिसिसिपीतील जॉन हर्ट यांचाही असाच ‘शोध’ लागला. त्यांच्या तबकड्या १९२८ सालच्या होत्या. दोन्ही ठिकाणी माणसे जिवंत होती, त्यांचे जुने ध्वनिमुद्रणही अस्तित्वात होते. नवे होते ते एवढेच, की तबकडीवरील नाव आणि हाडामांसाचा माणूस यांची सांगड कोणी तरी घातली.

या उदाहरणांत शब्द सैल असला तरी त्यामागील वस्तू स्पष्ट आहे : वादक त्या मुलखातला, भाषा त्या मुलखाची, संगीतही त्याच मुलखाचे. परंतु एखाद्या ध्वनिमुद्रकाला व्हर्जिनिया अथवा उत्तर कॅरोलिना येथील १९२०–३० च्या काळातील नृत्यधुना स्वीडनमध्ये ऐकू आल्या तर? फिडल, पाच तारांचा बँजो व गिटार घेऊन बसलेली, स्वीडिश मातृभाषा असलेली मंडळी त्या धुना जुन्या तबकड्यांशी ताडून पाहावे इतक्या नेमकेपणाने वाजवीत असतील तर? असे वाद्यवृंद स्वीडनमध्ये आढळतात. अशा वेळी ध्वनिमुद्रकाला नेमके काय सापडले म्हणावयाचे?

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे, की हे केवळ अनुकरण आहे. त्यास अभ्यासाच्या दृष्टीने मोल नाही. दुसरे असे, की संगीताला देश नसतो. म्हणून हा प्रश्नच उद्भवत नाही. तिसरे उत्तर अधिक धाडसी आहे : मूळ मुलखात जे लोपले ते परमुलखात शुद्ध स्वरूपात टिकून राहिले. ही तिन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले तुच्छतेने, दुसरे उदारतेने आणि तिसरे कौतुकाने विचार थांबविते. शब्दांचा वारसा आणि शब्दांची उसनवारी यांत भाषाशास्त्र जो भेद करते, तो येथे लावून पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

२

प्रथम ज्या संगीताला ‘ओल्ड टाइम’ म्हणतात त्याचे स्वरूप पाहावयास हवे. हे नाव वाचताच एखादी अनादी, अलिखित परंपरा डोळ्यांसमोर येते. परंपरा जुनी आहे यात शंका नाही. ब्रिटिश बेटांतून आलेली फिडलवादनाची पद्धत व कथागीते आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा बँजो यांच्या संगमातून ती घडली. सेसिल शार्प व मॉड कार्पेलिस यांनी १९१६ ते १९१८ या काळात अ‍ॅपलॅचियन डोंगराळ मुलखात हिंडून तिच्यातील गीतांचा मोठा संग्रह केला. परंतु ‘ओल्ड टाइम’ हे नाव ज्या ध्वनिसंचिताला चिकटले ते तबकड्यांच्या कंपन्यांनी निर्माण केलेले आहे. १९२२ साली एक रॉबर्ट्सन यांचे फिडलवादन न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने मुद्रित केले. १९२३ साली राल्फ पीअर यांनी अटलांटा येथे फिडलिन् जॉन कार्सन यांचे मुद्रण केले आणि त्याच्या खपाने कंपन्यांना नवी बाजारपेठ दिसली. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे याच पीअर यांनी सुमारे दोन आठवड्यांत १९ कलावंत व वृंदांची ७६ मुद्रणे केली. कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स हे तेथेच प्रथम मुद्रित झाले.

या मुद्रणांनी परंपरा नोंदविली, त्याचबरोबर तिला आकारही दिला. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. नृत्यासाठी रात्री पाव-पाव तास चालणारी धून तीन मिनिटांत बसवावी लागली. लांबलचक कथागीताची कडवी गळली. आपल्याकडील ख्याल व नाट्यपदे तबकडीवर आली तेव्हा त्यांनाही हेच बंधन पाळावे लागले, हे वाचकांस ठाऊक आहेच. दुसरा परिणाम अधिक खोल होता. कंपन्यांनी आपल्या सूची वर्णभेदानुसार विभागल्या. गोऱ्या ग्रामीण वादकांच्या तबकड्या एका यादीत, कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या यादीत. प्रत्यक्षात दक्षिणेत कृष्णवर्णीय फिडलवादक व बँजोवादक होते, धुनांची देवघेव अखंड चालू होती; पण यादीने ती दृष्टीआड केली. ‘हिलबिली’ हे विशेषणदेखील १९२५ साली एका वृंदाच्या नावातून तबकड्यांच्या व्यवहारात रूढ झाले. तात्पर्य, परदेशातील विद्यार्थी ज्याला ‘मूळ’ समजतो त्यातील काही भाग विक्रेत्याने केलेल्या वर्गवारीचा आहे.

१९५२ साली हॅरी स्मिथ यांनी आपल्या संग्रहातील तबकड्यांतून ८४ मुद्रणे निवडून फोकवेज कंपनीमार्फत सहा दीर्घ तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यातील मुद्रणे प्रायः १९२७ ते १९३२ या काळातील होती. स्मिथ यांनी कंपन्यांची वर्णनिष्ठ वर्गवारी बाजूला सारली आणि कथागीते, सामाजिक संगीत व गीते असे तीन विभाग केले. गायक गोरा की काळा याचा उल्लेखही केला नाही. पुढील पिढीसाठी हा संच व्याकरण, शब्दकोश आणि वाचनपाठ अशा तिन्ही रूपांनी उपयोगी पडला. म्हणजे स्टॉकहोममधील विद्यार्थ्याच्या हाती जे पडले ते डोंगरातील गाव नव्हे. एका चोखंदळ संपादकाने सिद्ध केलेली संहिता पडली.

३

आता स्वीडनकडे वळू. येथे एक सोपे स्पष्टीकरण मोह घालते. १८५० ते १९३० या काळात बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेत गेले. तेव्हा स्वीडिश कानाला अमेरिकन संगीत जवळचे वाटते यात नवल ते काय, असे म्हटले जाते. हे स्पष्टीकरण टिकत नाही. स्थलांतरित स्वीडिश समाज प्रामुख्याने मिनेसोटा, इलिनॉय अशा उत्तरेकडील मध्यवर्ती राज्यांत वसला. ज्या डोंगराळ मुलखात हे संगीत घडले तेथे नव्हे. अमेरिकेतील स्वीडिश रंगभूमीवर ‘ओल्ले इ स्क्रात्तहुल्त’ या नावाने गाजलेले यालमार पेटरसन स्वीडिश भाषेतच गात. उलट, येव्हले येथे १८७९ साली जन्मून १९०२ साली अमेरिकेस गेलेले जो हिल इंग्रजीत गीते रचू लागले आणि त्यांना रूढ भजनांच्या व लोकप्रिय गीतांच्या चाली लावू लागले. पण ती कामगार चळवळीची गीते होती; १९१५ साली यूटा राज्यात देहान्त शिक्षा झालेला हा कवी अ‍ॅपलॅचियन फिडलवादनाचा वारसदार नव्हता. एका स्वीडिश माणसाने अमेरिकन गीतपद्धती आत्मसात केली, एवढाच त्याचा दाखला.

दुसरा मोह कथागीतांचा आहे. दोन बहिणींच्या वैराचे प्रसिद्ध कथागीत ब्रिटिश बेटांत, अ‍ॅपलॅचियन मुलखात आणि स्कँडिनेव्हियातही आढळते. फ्रान्सिस चाइल्ड यांनी आपल्या संग्रहात या उत्तरेकडील समांतर रूपांची नोंद केलेली आहे. म्हणून स्वीडिश गायिका ते गीत इंग्रजीत गाते तेव्हा ती आपलीच वस्तू परत घेते, असे म्हणावे काय? भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथील गफलत तत्काळ दिसावी. दोन भाषांतील शब्द सगोत्र असणे ही एक गोष्ट; एका भाषेने दुसरीकडून शब्द उसना घेणे ही दुसरी. घरात सगोत्र शब्द असतानाही शेजाऱ्याकडून त्याच कुळातील दुसरा शब्द उसना घेता येतो आणि तसे वारंवार घडते. स्वीडिश गायिकेने आजीकडून ऐकलेले गीत सगोत्र होय. न्यूयॉर्कहून आलेल्या तबकडीवरून शिकलेले गीत उसने होय. नाते आहे, पण वारसा त्या नात्यातून आलेला नाही. ध्वनिमुद्रकाने या दोहोंची गल्लत केली की त्याच्या नोंदीचा पायाच ढासळतो.

शिवाय स्वीडनला स्वतःची जिवंत फिडलपरंपरा आहे, ही गोष्ट प्रश्नाला अधिक धार आणते. १९०६ साली चित्रकार आंदर्श सोर्न यांनी येसुंदा येथे ग्रामीण वादकांची स्पर्धा भरविली. १९०८ साली लोकसंगीत-आयोग स्थापन झाला. १९२२ ते १९४० या काळात ‘स्वेन्स्का लोतार’ या ग्रंथमालेत सुमारे ८,००० धुना प्रसिद्ध झाल्या. १९५१ साली स्टॉकहोम येथे लोकगीतांचे संग्रहालय उभे राहिले. म्हणजे हा देश संगीताने दरिद्री नव्हता. दारिद्र्यातून केलेली उसनवारी आणि भरल्या घरातील माणसाने केलेली उसनवारी यांची मीमांसा निराळी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात गरज नसते, निवड असते.

४

या निवडीचे स्वरूप समजण्यास मराठी वाचकाला एक परिचित भेद उपयोगी पडेल : तत्सम आणि तद्भव. ‘घर’ हा तद्भव शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात गेला, झिजला, बदलला. ‘गृह’ हा तत्सम शब्द ग्रंथातून थेट उचलला गेला, म्हणून त्याचे रूप जुने दिसते. पण जुने रूप म्हणजे जुना वहिवाट नव्हे. मराठी बोलणाऱ्यांच्या अखंड परंपरेत ‘घर’च आहे, ‘गृह’ हा विद्वानांनी आणलेला पाहुणा आहे.

अगदी हाच प्रकार येथे घडतो. डोंगरातील वादकाचा नातू आजोबांची धून वाजवितो तेव्हा ती तद्भव असते. मधल्या काळात रेडिओ आला, ब्लूग्रास आले, विजेचे गिटार आले. या साऱ्यांचा संस्कार तिच्यावर झालेला असतो. परदेशी विद्यार्थी १९२७ ची तबकडी समोर ठेवून तीच धून शिकतो. मधल्या दशकांशी त्याचा संबंध नसल्याने त्याचे वादन त्या तबकडीच्या अधिक जवळ जाते. नातवाने सोडून दिलेली फिडलची जुनी जुळवणीही तो जाणीवपूर्वक वापरतो. ध्वनिमुद्रकाच्या कानाला हे वादन नातवाच्या वादनापेक्षा ‘जुने’ वाटते आणि तो आनंदून म्हणतो, की शुद्ध परंपरा येथे टिकली. प्रत्यक्षात टिकलेले काही नाही. पुन्हा उचललेले आहे. तिसऱ्या उत्तरातील चूक ती हीच.

परंतु येथेच पहिले उत्तरही कोसळते. तत्सम शब्द उसना असला तरी खोटा नसतो. मराठीचे शास्त्रीय व वैचारिक गद्य तत्सम शब्दांवाचून उभेच राहिले नसते. तसेच, तत्सम शब्ददेखील उसनवार करणाऱ्याच्या उच्चाराचा रंग घेतल्यावाचून राहत नाही. ‘ज्ञान’ हा शब्द लिहिताना संस्कृत असतो; मराठी माणूस त्यातील ‘ज्ञ’ आपल्या पद्धतीने उच्चारतो आणि हिंदी भाषक निराळ्या पद्धतीने. कसोटीची जागा तीच. स्वीडिश वादकाच्या तत्सम धुनेत त्याचा ‘ज्ञ’ कोठे आहे, हे पाहणे हे समीक्षकाचे काम. ही जागा सहज शोधता येण्याजोगी आहे. स्वीडिश ग्रामीण परंपरेत दोन फिडलवादक एकत्र आले की एकजण मूळ धून वाजवितो व दुसरा तिच्या जोडीला दुसरा सूरपदर गुंफतो. अमेरिकन जुन्या पद्धतीत दोघेही प्रायः एकच धून वाजवितात. दोघांच्या गजाच्या चालीत जो सूक्ष्म फरक पडतो तेवढेच तिचे वैविध्य. तालाचेही तसेच. स्वीडिश ‘पोल्स्का’ तीन मात्रांची, आणि अनेक भागांत त्या मात्रा विषम लांबीच्या असतात; अमेरिकन नृत्यधून दोन मात्रांच्या भक्कम पायावर उभी असून गजाच्या हेलकाव्याने मधल्या आघातावर जोर देते. दोन्हींकडे फिडलच्या तारा अ-ए-अ-ए अशा जुळवून घेण्याची प्रथा आहे; म्हणून घुमारा सारखा वाटतो आणि श्रोता फसतो. घुमारा समान, व्याकरण भिन्न. चांगल्या स्वीडिश वृंदाची कसोटी या भिन्न व्याकरणावर लागते, पोशाखावर अथवा टोपीवर नव्हे.

आणि विद्यार्थी हा केवळ स्वीडिशच असतो असेही नाही. न्यूयॉर्क येथे १९५८ साली माइक सीगर, जॉन कोहेन व टॉम पेली यांनी ‘न्यू लॉस्ट सिटी रँबलर्स’ हा वृंद काढला. तिघेही नागर संस्कारांत वाढलेले. डोंगरातील संगीत त्यांनी मुख्यतः जुन्या तबकड्यांवरून अभ्यासिले. पण प्रत्येक गीत कोणत्या वादकाच्या कोणत्या तबकडीवरून घेतले हे टिपणात नोंदविण्याचा दंडक त्यांनी घातला. त्यांची उसनवारी प्रामाणिक होती ती या दंडकामुळे. यांपैकी पेली हे गणिताचे अध्यापक. १९६३ साली ते स्वीडनला गेले, १९६५ साली इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, आणि २०१७ साली निवर्तले. अमेरिकन जुन्या संगीताचा हा निष्णात वादक स्वीडिश फिडलधुनांच्या प्रेमात पडला व त्या वाजवू लागला. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९५७ साली ‘फोकलोर सेंटर’ नावाचे दुकान काढणारे इझी यंग १९७३ साली स्टॉकहोमला गेले. तेथे त्यांनी ‘फोकलोर सेंट्रुम’ चालविले आणि २०१९ साली त्याच शहरी त्यांचा अंत झाला. स्वीडिश तरुण व्हर्जिनियाकडे पाहत असताना न्यूयॉर्कचे दोन जाणते स्वीडनच्या धुनांकडे पाहत होते. उसनवारी दुतर्फा होती. पेली यांच्या स्वीडिश धुनांना अनुकरण म्हणून कोणी हिणवीत नाही. मग स्वीडिश वृंदाच्या अमेरिकन धुनांनाच ती कसोटी का लावावी? अमेरिकन माणसाने शिकले की ते रसिकत्व आणि इतरांनी शिकले की ती नक्कल, हा न्याय समीक्षेचा नव्हे.

५

आतापावेतो विवेचन वादनापुरते झाले. गायनाचा प्रश्न स्वतंत्र आहे, कारण फिडलला स्वनव्यवस्था नसते, कंठाला असते. वादक दहा वर्षांत परकी गजचाल आत्मसात करील. मातृभाषेचे स्वन मात्र तोंडात बालपणीच बसलेले असतात. स्वीडिश भाषेत सघोष ‘झ’ नाही. ‘जर’ या शब्दातील मराठी ‘ज’चा जो घर्षक सूर, त्याला जवळचा स्वन नसल्याने तेथे ‘स’ येण्याची प्रवृत्ती असते. इंग्रजीतील दोन ओठ गोल करून उच्चारावयाचा ‘व’ही स्वीडिशमध्ये नाही. याउलट स्वीडिशचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य, म्हणजे शब्दांचे दोन स्वराघात, गायनात ऐकूच येत नाही. कारण शब्दाचा चढउतार चालीच्या स्वाधीन होतो. म्हणून बोलताना सहज ओळखू येणारा स्वीडिश माणूस गाताना पुष्कळ अंशी लपतो. उरतात ती ऊष्म व्यंजने आणि स्वर.

स्वरांच्या बाबतीत धोका निराळा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘आइ’ या संयुक्त स्वराचा दीर्घ ‘आ’ होतो : ‘टाइम’ चे ‘टाऽम’. पण हा बदल सर्वत्र सारखा नाही. सखल दक्षिणेत तो प्रायः शब्दान्ती व सघोष व्यंजनापूर्वी होतो. अ‍ॅपलॅचियन डोंगरात तो अघोष व्यंजनापूर्वीही होतो, म्हणजे ‘नाइट’ चेही ‘नाऽट’. आता जो गायक एक गीत व्हर्जिनियाच्या तबकडीवरून आणि दुसरे मिसिसिपीच्या तबकडीवरून शिकला आहे, त्याच्या तोंडी दोन्ही रूपे एकत्र येण्याचा संभव असतो. प्रत्येक शब्द कोठल्या तरी मुलखाचा, पण एकूण बोली कोणत्याच मुलखाची नाही. मातृभाषकाला हे चटकन खटकते. इतरांना ते ‘दाक्षिणात्य’ वाटते.

पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली ब्रिटिश लोकप्रिय गायकांच्या उच्चारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटिश गायक अमेरिकन उच्चारांचे अनुकरण करतात, पण ते पूर्ण साधत नाही. आणि बीटल्सच्या बाबतीत तर स्वरानंतरचा अमेरिकन ‘र’ १९६३ पासून पुढे उत्तरोत्तर कमी होत गेला, असे त्यांनी मोजून दाखविले. या निष्कर्षाचा अर्थ महत्त्वाचा आहे. गायक जसजसा आत्मविश्वास मिळवितो तसतशी त्याला उसन्या तोंडाची गरज कमी भासते. ‘फर्स्ट एड किट’ या स्वीडिश भगिनीद्वयाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. क्लारा व योहाना सोडरबर्ग यांचे एक अमेरिकन गीत जंगलात गातानाचे चित्रण २००८ साली सर्वत्र पाहिले गेले. त्यांचा २०१२ साली आलेला संग्रह ओमाहा येथे मुद्रित झाला. त्यातील ‘एमिलू’ हे गीत अमेरिकन पूर्वसूरींची नावे घेऊन त्यांना वंदन करते. त्या नावांत जून कार्टर आहे, आणि जून ही ब्रिस्टल येथे १९२७ साली मुद्रित झालेल्या मेबेल कार्टर यांची कन्या. या भगिनी ‘ओल्ड टाइम’ परंपरेच्या वादक नव्हेत. त्या स्वतःची गीते रचतात. पण उसन्या भाषेत स्वतःचे बोलणे आणि उसन्या भाषेत दुसऱ्याचे बोल जसेच्या तसे म्हणणे, या दोन टोकांमधील अंतर त्यांच्यामुळे मोजता येते. पहिल्या प्रकारात वंशावळ गीतातच सांगितली जाते. दुसऱ्या प्रकारात ती गीताबाहेर, टिपणात सांगावी लागते.

६

ही वंशावळ सांगणे हा केवळ विद्वत्तेचा शिष्टाचार नव्हे. ती न सांगितल्याने माणसांचे नुकसान झालेले आहे. उत्तर कॅरोलिनात वाढलेल्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय स्त्रीने बालवयात ‘फ्रेट ट्रेन’ हे गीत रचिले. पुढे त्या सीगर कुटुंबात घरकामास होत्या. त्या घरातील पेगी सीगर यांच्या मुखातून ते गीत इंग्लंडमध्ये पोहोचले. तेथे इतरांनी त्यावर आपला स्वामित्वहक्क नोंदविला आणि १९५७ साली ते गीत ब्रिटनमध्ये गाजले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातील मुद्रण प्रसिद्ध झाले ते त्यानंतर, १९५८ साली. माइक सीगर यांनी ते केले होते. ‘लोकगीत आहे, म्हणजे कोणाचेच नाही’ हे वाक्य ऐकावयास उदार. पण त्याची किंमत कॉटन यांना मोजावी लागली. ‘संगीताला देश नसतो’ या दुसऱ्या उत्तरातील दोष येथे उघडा पडतो. संगीताला देश नसेल. पण गीताला कर्ता असतो, तबकडीला वादक असतो आणि विक्रीला पैसा असतो. ब्रिस्टल येथे पीअर यांनी प्रत्येक बाजूस ५० डॉलर व पुढे स्वामित्वाचा अंश देऊ केला होता. त्या व्यवहाराचे गुणदोष काहीही असोत, त्यात निदान गाणाऱ्याचे नाव कागदावर होते.

म्हणून स्वीडिश वृंदाचे ध्वनिमुद्रण करावे काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र ते कोणत्या सदरात ठेवावयाचे हे ठरविणे हीच खरी समीक्षा होय. ते अमेरिकन लोकसंगीताच्या अवशेषांत ठेवल्यास नोंद खोटी ठरेल. ते गाळल्यास विसाव्या शतकात संगीत कसे प्रवास करू लागले याचा महत्त्वाचा पुरावा हातचा जाईल. त्यास स्वतंत्र सदर हवे आणि त्या सदरात निदान चार गोष्टी हव्यात : धून कोणत्या मुद्रणावरून वा व्यक्तीकडून शिकली, मूळ वादक कोण व कोठला, वाद्याची जुळवणी काय, आणि शिकणाऱ्याने जाणूनबुजून काय बदलले. मातृभाषा विचारणे हे पाचवे कलम असावे, पण ते पहिले असू नये. ते पहिले केले की परीक्षण माणसाच्या जन्माचे होते, वादनाचे होत नाही.

महाराष्ट्रातील संग्राहकांस हा दंडक परका नाही. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली; त्या कार्याचे मोल संख्येइतकेच ओवीसमवेत गाणारीचे नाव व गाव नोंदविण्यात आहे. प्वातव्हँ जन्माने फ्रेंच होते, म्हणून त्या ओव्या कमी मराठी ठरल्या नाहीत. कारण प्रत्येक ओवी कोणाची हे तेथे लिहिलेले आहे. उद्या त्यातील एखादी ओवी परमुलखातील गायिकेने ध्वनिफितीवरून शिकून गायिली, तर तिच्या गायनाचा विचारही याच कसोटीने व्हावा. तिचा ‘ळ’ कसा आहे हे जरूर पाहावे. पण त्याआधी, जिच्याकडून ती ओवी आली त्या बाईचे नाव तिला सांगता येते की नाही, हे पाहावे.

‘शोध’ हा शब्द टाकून देण्याची आवश्यकता नाही. त्याचे कर्म मात्र बदलावयास हवे. स्वीडनमध्ये ध्वनिमुद्रकास जे सापडते ते हरवलेले अमेरिकन संगीत नव्हे. त्याला सापडतो एक मार्ग : डोंगरातील अंगणातून तबकडीवर, तबकडीवरून संग्रहात, संग्रहातून शहरी वृंदाकडे आणि तेथून सागरापलीकडे गेलेला. या मार्गावरील प्रत्येक मुक्कामी काही गळले, काही मिळाले, आणि काहींची नावे पुसली गेली. वादन कितीही सुरेल असो, हा मार्ग ज्या नोंदीत दिसत नाही ती नोंद अपुरी होय.